आकाशातल्या बातम्या: पहिल्या दिवशीचा आकडा आणि त्यानंतरचा

निशाचर | ६ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी.

खगोलशास्त्रातल्या नव्या शोधांवर इथे अधूनमधून धागे निघतात. बातमी आली की दोन दिवस धागा गाजतो, मग मागे पडतो. नेमकं त्याच सुमाराला दुर्बिणींवरचं खरं काम सुरू झालेलं असतं. पहिल्या दिवशी छापून आलेला आकडा महिन्याभरानं कुठे जाऊन पोचला, हे मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. लघुग्रह, धूमकेतू, तारे, दीर्घिका, काहीही चालेल. अट एकच: बातमीनंतर काय झालं तेही लिहायचं.

सुरुवात मी करतो, २०२४ वायआर४ या लघुग्रहापासून. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या रिओ उर्तादो इथल्या ॲटलासच्या (लघुग्रह हुडकणाऱ्या यंत्रणेच्या) दुर्बिणीला तो सापडला. तोपर्यंत तो पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे आपल्याला दिसला तो दूर जाताना. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीच्या अखेरीस १ टक्क्याच्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचली. या आकाराच्या लघुग्रहासाठी एवढा मोठा आकडा आधी कधीच निघाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो १.५ वर उतरला आणि २४ फेब्रुवारीपर्यंत प्रश्नच मिटला.

त्या दिवसांत सगळीकडे एकच सूर होता: "आधी वाढवतात, मग कमी करतात, यांना काही कळत नाही." मला याच मुद्द्यावर लिहायचंय, कारण आकडा आधी चढणं आणि मग एकदम कोसळणं हेच बहुतेक वेळा अपेक्षित असतं.

लघुग्रहाचं स्थान आपल्याला थोड्या आठवड्यांच्या निरीक्षणांवरून कळतं. त्यावरून आठ वर्षांनंतरचं स्थान काढलं की उत्तर एका बिंदूत येत नाही, एका लांबलचक पट्ट्यात येतं. त्या दिवशी लघुग्रह त्या पट्ट्यात कुठेही असू शकतो. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. पट्टा दहा लाख किलोमीटरचा असेल आणि पृथ्वी त्यात असेल, तर धोका ढोबळमानानं सव्वा टक्का. नवी निरीक्षणं आली, पट्टा आखडून चार लाख किलोमीटरवर आला, पण पृथ्वी अजून आतच आहे. मग तोच धोका तीन टक्क्यांच्या पुढे जातो. लघुग्रह तोच, पृथ्वी तीच, फक्त आपलं अज्ञान कमी झालं. पुढच्या काही रात्रींत पट्टा आणखी आखडतो, त्याचं टोक पृथ्वीच्या अलीकडे सरकतं आणि आकडा शून्यावर येतो. (हा हिशेब समजण्यापुरता आहे. प्रत्यक्षात पट्ट्याच्या मधल्या भागाला जास्त वजन असतं आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणही धरावं लागतं.)

ॲपोफिस या लघुग्रहाच्या बाबतीत २००४ मध्ये हेच घडलं होतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात २०२९ च्या टकरीची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली. मग त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या प्रतिमांमध्ये तो आधीच टिपला गेलेला आढळला, कक्षा पक्की झाली आणि धोका संपला. आता १३ एप्रिल २०२९ ला ॲपोफिस पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२,००० किलोमीटरवरून जाईल. भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून! युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

शमा_ठाणे

निशाचर, फेब्रुवारीत घरी आम्ही या बातम्या रोज पाहत होतो. माझी मुलगी सातवीत आहे. धोक्याच्या पट्ट्यात मुंबईचं नाव आलं तेव्हा ती खरोखर घाबरली होती. पुढे सगळं शांत झालं, पण नक्की काय ठरलं ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तो पट्टा खरंच आपल्यावरून जात होता का? आणि आता चंद्रावर आदळणार म्हणतात, ते काय आहे?

निशाचर

शमाताई, हो, पट्टा खरा होता. पूर्व प्रशांत महासागर, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि दक्षिण आशिया असा तो जात होता. त्याचा अर्थ एवढाच, की टक्कर झालीच असती तर या रेषेवर कुठेतरी झाली असती. आता २०३२ मध्ये पृथ्वीला त्याच्यापासून धोका नाही, हे मुलीला बिनधास्त सांगा.

चंद्राचं असं झालं. जमिनीवरच्या दुर्बिणींना तो दिसेनासा झाल्यावर अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीनं त्याला मार्च आणि मे मध्ये पाहिलं. मार्चमध्ये त्याची उष्णता मोजून आकार काढला: साधारण ६० मीटर. नुसत्या चमकेवरून आकार नीट कळत नाही, कारण छोटा उजळ खडक आणि मोठा काळपट खडक सारखेच दिसतात. म्हणूनच आधी ४० ते ९० मीटर असं मोघम सांगत होते. पृथ्वी फेब्रुवारीतच पट्ट्याबाहेर गेली होती; मे मधल्या निरीक्षणांनी पट्टा आणखी आखडला, पण चंद्र आतच राहिला. त्या निरीक्षणांनंतर, २०२५ मध्ये, चंद्रावर आदळण्याची शक्यता ४.३ टक्के धरली गेली, म्हणजे न आदळण्याची ९५.७. फेब्रुवारी २०२६ मध्ये वेबला तो पुन्हा थोडा वेळ दिसू शकेल. तेव्हा हा आकडाही हलेल आणि कुठल्या बाजूला हलला ते मी इथे लिहीन.

आडवाटे

गणित पटलं. पण मग १ टक्क्यालाच एवढी दवंडी कशाला? पट्टा आखडेपर्यंत महिनाभर थांबून सांगितलं असतं तर शमाताईंच्या मुलीची झोप उडाली नसती. शास्त्रज्ञांनी आपसात बोलावं, निश्चित झालं की लोकांना सांगावं. यात काय चुकतंय?

निशाचर

आडवाटे, प्रश्न रास्त आहे. माझं मत उलटं आहे, कारण सांगतो.

एक म्हणजे १ टक्का ओलांडला की जगभरच्या वेधशाळांना आणि संयुक्त राष्ट्रांना कळवायचं, हा नियम आधीपासून ठरलेला आहे. तसं कळवल्यामुळेच तर मोठ्या दुर्बिणींना त्यांची ठरलेली कामं बाजूला ठेवून या फिकट ठिपक्यामागे लागता आलं. गुप्त ठेवलं असतं तर पट्टा आखडायला जास्त वेळ लागला असता. आणि तो दर दिवसाला फिकट होत चालला होता, वेळ हातात नव्हता.

दुसरं, ही निरीक्षणं मायनर प्लॅनेट सेंटरकडे (लघुग्रहांच्या जागतिक नोंदी ठेवणाऱ्या केंद्राकडे) जमा होतात आणि कोणालाही पाहता येतात. घरच्या संगणकावर कक्षा काढणारे हौशी लोक जगभर आहेत. लपवणं शक्यच नाही, आणि ते तसंच असावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरं चेल्याबिन्स्क. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात जो फुटला तो जेमतेम २० मीटरचा होता आणि सूर्याच्या दिशेनं आला, त्यामुळे कोणाला आधी दिसलाच नाही. लोकांनी झगमगाट पाहिला, काय झालं ते बघायला खिडकीशी गेले आणि मग धक्क्याची लाट आली. जवळपास दीड हजार माणसं जखमी झाली, बहुतेक काचांनी. "प्रखर प्रकाश दिसला तर खिडकीपासून लांब राहा", एवढं एक वाक्य माहीत असतं तर त्यातले कितीतरी वाचले असते. लोकांना माहिती असण्याचा उपयोग हा असा होतो.

मेहकरकर

मी लोणारपासून जवळच शाळेत शिकवतो. लघुग्रहांचा विषय निघाला आणि आमच्या विवराचं नाव आलं नाही, असं नको व्हायला.

निशाचर म्हणतात तसा "आकडा पुढे कुठे गेला" याचं लोणारइतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नसेल. एके काळी हे ज्वालामुखीचं विवर आहे असं मानणारे अनेक होते. आजूबाजूला सगळा दख्खनचा बेसॉल्ट, लाव्हारसाचाच खडक, मग दुसरं काय वाटणार? १९७३ च्या सुमाराला विवराच्या तळातून काढलेल्या नमुन्यांमध्ये मास्केलिनाइट सापडलं. प्रचंड दाबाखाली फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते आणि तेवढा दाब ज्वालामुखीत तयार होत नाही. तिथे आघाताची बाजू पक्की झाली.

वयाचं तर आणखीच. आमच्या भागातल्या कित्येक फलकांवर आणि पुस्तिकांमध्ये अजूनही "सुमारे ५०,००० वर्षं" असंच लिहिलेलं असतं. तो आकडा उष्मादीप्ती पद्धतीतून आलेला, ५२,००० च्या आसपास. २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीनं काचेचं वय काढलं तेव्हा ते ५ लाख ७० हजार वर्षं निघालं, म्हणजे दहापटीहून जास्त. मी मुलांना दोन्ही आकडे फळ्यावर लिहून देतो आणि दोन्ही पद्धतींत नेमकं काय मोजलं जातं ते सांगतो. एक मुलगा म्हणाला, "सर, मग परीक्षेत कोणता लिहायचा?" त्याला सांगितलं, नवा लिही आणि पुढे २०११ असं वर्ष टाक.

साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर बेसॉल्टमधलं आहे आणि चांगलं टिकून राहिलेलं आहे. चंद्रावर आणि मंगळावरही बेसॉल्टच, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोणारला येतात. चंद्रावर २०३२ मध्ये खरंच काही पडलं तर साधारण एक किलोमीटरचं विवर होईल असा अंदाज आहे. लोणारच्या काठावर उभं राहून पाहिलेल्या माणसाला त्याची कल्पना लगेच येईल.

वाळवंटी | ७ डिसेंबर

ॲरिझोनातून लिहितोय. मेहकरकर सर, तुमच्या सरोवराचा आणि बेन्नू लघुग्रहाचा संबंध लागतो, म्हणून राहवलं नाही.

ओसायरिस-रेक्स यानानं बेन्नूवरून आणलेली माती २४ सप्टेंबर २०२३ ला यूटाच्या वाळवंटात उतरली. १२१.६ ग्रॅम. डब्याचे दोन स्क्रू निघत नव्हते, त्यासाठी मुद्दाम हत्यारं बनवावी लागली आणि झाकण पूर्ण उघडायला पुढच्या वर्षीचा जानेवारी उजाडला. मोहिमेचं नेतृत्व इथल्या ॲरिझोना विद्यापीठाकडे, त्यामुळे गावात त्याची चर्चा असायची.

जानेवारी २०२५ मध्ये निष्कर्ष आले. आपल्या शरीरातली प्रथिनं २० अमिनो आम्लांची बनतात, त्यातली १४ त्या मातीत आहेत. डीएनए आणि आरएनएमधले पाचही नत्रयुक्त बेस आहेत. शिवाय खारट पाणी आटून मागे राहतात तसे क्षार आहेत, त्यात सोडियम कार्बोनेटचेही. म्हणजे बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे, त्याच्या पोटात कधीकाळी लोणारसारखं खारं, सोड्याचं पाणी होतं आणि ते हळूहळू आटलं.

आणि याच आठवड्यात नवी भर पडली: त्याच मातीत रायबोज आणि ग्लुकोज या शर्करा सापडल्या. रायबोज आरएनएच्या कण्यात असते. डीएनएमधली डीऑक्सिरायबोज मात्र मिळाली नाही. सजीवांची सुरुवात आरएनएपासून झाली असं मानणाऱ्यांना यातून बळ मिळालं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जरा मागे पडलेली गोष्ट. अमिनो आम्लं डाव्या आणि उजव्या अशा दोन घडणींची असतात. पृथ्वीवरचे सजीव डावीच वापरतात. काही उल्कापाषाणांत डावी जास्त सापडली होती, म्हणून हा कल अंतराळातूनच आला असावा असं बरीच वर्षं मानलं जायचं. बेन्नूच्या मातीत दोन्ही जवळपास सारखी निघाली. ज्यांनी या कल्पनेवर आयुष्यातली वर्षं घालवली, त्यांनीच हे छापलं. याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

मेहकरकर

वाळवंटी, हे मुलांना उद्याच सांगणार. लोणारच्या पाण्यातले क्षार पूर्वी काढून विकले जायचे. दल्ला, पापडी अशी त्यांची नावं जुन्या माणसांच्या तोंडी असायची. लघुग्रहाच्या पोटात तशाच जातीचे क्षार आहेत म्हटल्यावर वर्गात पिन पडली तरी ऐकू येईल.

शमा_ठाणे

आणखी एक विचारते. थ्री-आय/ॲटलासबद्दल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज काहीतरी येतं. परग्रहवासीयांचं यान, दिशा बदलली, नासा माहिती लपवतेय. १९ डिसेंबरला पृथ्वीजवळ येणार म्हणून तर फारच. कोणीतरी एकदा नीट लिहा, मी तेच पुढे पाठवीन.

निशाचर

ताई, हे पाठवा.

१ जुलै २०२५ ला ॲटलासच्या चिलीतल्याच दुर्बिणीला तो सापडला. आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला हा तिसरा पाहुणा. पहिला २०१७ चा ओमुआमुआ, दुसरा २०१९ चा बोरिसोव्ह. बाहेरचा आहे हे कक्षेवरून कळतं. उत्केंद्रता (कक्षा किती लांबट त्याचं माप) १ च्या खाली असेल तर वस्तू सूर्याभोवती फिरत राहते, १ च्या वर असेल तर एकदाच येऊन कायमची जाते. ओमुआमुआची १.२, बोरिसोव्हची ३.४ च्या आसपास, आणि याची ६ च्याही वर. सूर्याच्या ओढीत येण्याआधीच त्याचा वेग सेकंदाला ५८ किलोमीटर होता.

तो धूमकेतू आहे. वेबनं ऑगस्टमध्ये त्याच्याभोवतीचा वायू पाहिला: पाण्याच्या वाफेपेक्षा कार्बन डायऑक्साइड कितीतरी पट जास्त. आपल्याकडचे धूमकेतू सहसा असे नसतात, आणि खरी बातमी ही आहे. तो जिथे जन्मला तिथली थंडी, तिथला प्रकाश वेगळा असणार. दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीनं ऑक्टोबरमध्ये त्याचा जो संकेत टिपला, त्यावर "रेडिओ संदेश मिळाला" असे मथळे आले. तो हायड्रॉक्सिलचा, म्हणजे पाण्याचा रेणू सूर्यप्रकाशात फुटल्यावर उरणाऱ्या तुकड्याचा संकेत होता. धूमकेतूत तो असायलाच हवा. ऑक्टोबरमध्ये तो पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या मागे होता, म्हणून जमिनीवरून छायाचित्रं नव्हती. लपवालपवीचा संबंध नाही. नोव्हेंबरमध्ये आपल्या माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीनंही त्याचे वेध घेतले.

१९ डिसेंबरचं अंतर सुमारे २७ कोटी किलोमीटर आहे. सूर्य आपल्यापासून १५ कोटींवर. जवळ येतो म्हणजे एवढ्याच जवळ.

आडवाटे

एवढं नीट लिहिलेलं कुठल्या चॅनेलवर दिसलं नाही. माझ्या वडिलांनाही पाठवलं.

विदुला | ८ डिसेंबर

मी पुण्यात भौतिकशास्त्रात एमएस्सी करतेय. लघुग्रहांवरून दीर्घिकांवर येऊ का? कारण या महिन्यातला मला सगळ्यात आवडलेला शोध आपल्या पुण्यातलाच आहे आणि त्यावर अजून इथे कोणीच लिहिलेलं नाही.

एनसीआरए या पुण्यातल्या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या प्रतिमांमध्ये एक सर्पिल दीर्घिका शोधली. नाव ठेवलं अलकनंदा. विश्वाचं वय अवघं दीड अब्ज वर्षं असतानाची ती आहे, म्हणजे तिचा प्रकाश आपल्याकडे यायला १२ अब्ज वर्षं लागली. व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं, ताऱ्यांचं वस्तुमान साधारण १० अब्ज सूर्यांएवढं. दोन भुजा, मधोमध उजळ गाभा, इतकी देखणी की आजच्या दीर्घिकांच्या अल्बममध्ये बसावी.

यात विशेष काय, तर वेळ. भुजा तयार व्हायच्या तर आधी पातळ, स्थिर तबकडी हवी. वायू सगळ्या बाजूंनी कोसळत असेल, सारखे तारे फुटत असतील, शेजारच्या दीर्घिका येऊन आदळत असतील, तर तबकडी टिकत नाही. त्या काळातल्या दीर्घिका अशाच अस्ताव्यस्त, गोळ्या-गोळ्यांच्या असणार, हे आमच्या पाठ्यपुस्तकात अजून छापलेलं आहे. हबल दुर्बिणीनं एवढ्या मागे पाहिलं तेव्हा तसंच दिसायचं. वेब अवरक्त प्रकाशात जास्त स्पष्ट पाहते, तेव्हा आता त्यातल्या काही नीटनेटक्या निघताहेत. अलकनंदानं दहा अब्ज सूर्यांएवढे तारे आणि भुजांसह तबकडी, हे सगळं काही दशकोटी वर्षांत उभं केलं असं दिसतं. ती आजही, म्हणजे तिच्या त्या "आज", वर्षाला सुमारे ६० सूर्यांएवढे तारे घडवतेय. आपल्या आकाशगंगेच्या वीस-तीस पट.

अंतर कसं काढलं तेही सांगते, कारण हे काम मी छोट्या प्रमाणात प्रोजेक्टसाठी केलंय. दीर्घिकेचा पूर्ण वर्णपट घ्यायला दुर्बिणीचा फार वेळ लागतो. त्याऐवजी वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्या लावून प्रत्येक रंगात ती किती उजळ दिसते ते मोजायचं. जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन खाऊन टाकतो, त्यामुळे ठरावीक रंगापलीकडच्या गाळण्यांमध्ये दीर्घिका गायबच होते. विश्व प्रसरण पावतं तशी ही कडा तांबड्याकडे सरकते. कडा कुठे सरकली ते पाहिलं की ताम्रसृती, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला त्याचं माप, मिळते आणि त्यावरून अंतर. बहुतेक दीर्घिकांसाठी चार-सहा गाळण्या मिळाल्या तरी आम्ही खूश असतो. अलकनंदासाठी २१ होत्या! पँडोराचा समूह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एबेल २७४४ च्या दिशेला ती आहे आणि त्या समूहाच्या गुरुत्वाकर्षणानं तिचा प्रकाश साधारण दुपटीनं वाढून आलाय. ताम्रसृती सुमारे ४.०५ निघाली.

सदाकाका

विदुला, वाचून फार आनंद झाला. नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले. आयुका या खगोलशास्त्र संस्थेची उभारणी करताना पुण्यात अशी मुलं तयार व्हावीत हेच त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. महास्फोटाचा सिद्धांत सगळ्यांनी मान्य केला तरी ते शेवटपर्यंत पुरावा मागत राहिले. त्यांच्या मताशी बहुतेक लोक सहमत नव्हते, तरी त्यांचे प्रश्न टाळता येत नव्हते.

एक विचारू? एवढ्या लवकर अशी दीर्घिका झाली, म्हणजे महास्फोटाचा सिद्धांत चुकला असं म्हणायचं का?

विदुला

काका, नाही म्हणता येणार. दीर्घिका घडतात कशा, किती वेगानं, हा हिशेब चुकलाय असं म्हणता येईल. विश्व प्रसरण पावतंय, सुरुवातीला उष्ण होतं, याचे पुरावे वेगळे आहेत. अलकनंदानं त्यांना हात लावलेला नाही. वेबला त्याहून जुन्या दीर्घिकाही सापडल्यात. मॉम-झेड१४ तर विश्व २८ कोटी वर्षांचं असतानाची. त्याही अपेक्षेपेक्षा उजळ आहेत. तारे जास्त झपाट्यानं बनत होते, की धूळ कमी होती, की मधल्या कृष्णविवराचा उजेड मिसळलाय, यावर सध्या जोरात वाद चालू आहेत.

वाळवंटी

काका, विश्वाच्या मॉडेलला खरा धक्का लागला तर तो बहुधा डेसी या दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या उपकरणातून लागेल. इथून जवळच किट पीकवर, जुन्या मेयॉल दुर्बिणीवर ते उपकरण आहे. ५,००० प्रकाशतंतू, प्रत्येकाला छोटा यंत्रमानव, एका वेळी ५,००० दीर्घिकांचे वर्णपट. मार्च २०२५ मध्ये त्यांनी जवळपास दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार यांचा हिशेब मांडला. कृष्ण ऊर्जा (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी) कायम सारखी नसून काळाबरोबर क्षीण होतेय, असा कल त्यात दिसतो. कुठल्या महानवताऱ्यांची (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांची) माहिती जोडता त्यानुसार खात्री २.८ ते ४.२ सिग्मा. सिग्मा जितके जास्त, तितकी हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी. शोध म्हणायला ५ लागतो. ज्यांनी हे मोजलं तेही अजून "शोध" हा शब्द वापरत नाहीत, तेव्हा आपणही थांबू.

कयाधू | ९ डिसेंबर

हिंगोलीहून. माझं गाव औंढा नागनाथ तालुक्यात. गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया होणार ते आमच्याकडेच, म्हणून या लहरींचं, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालीनं अवकाशात उठणाऱ्या तरंगांचं, मी लिहितो.

१४ जानेवारी २०२५ ला अमेरिकेतल्या दोन्ही लायगोंनी जी लहर टिपली ती आजवरची सगळ्यात सुस्पष्ट. सूर्याच्या तीसएक पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर एकमेकांत मिसळली. २०१५ ला पहिल्यांदा टिपलेली लहरही जवळपास अशाच जोडीची होती, पण या दहा वर्षांत उपकरणातला गोंगाट इतका कमी केलाय की तीच गोष्ट आता तिपटीनं स्पष्ट ऐकू येते.

याचा उपयोग असा झाला. १९७१ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी मांडलं होतं की कृष्णविवरं मिसळली तर घटनाक्षितिजाचं (जिच्या आतून काहीच बाहेर पडत नाही त्या सीमेचं) एकूण क्षेत्रफळ कमी होऊ शकत नाही. वस्तुमान कमी होतं, कारण काही लहरींच्या रूपानं निघून जातं, पण क्षेत्रफळ वाढतंच. यावेळी मिसळण्याआधीचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर निघालं आणि नंतरचं सुमारे ४,००,०००. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३. म्हणजे दोघं मिळून आपल्या राज्यापेक्षा लहान होते, एक झाल्यावर राज्याहून मोठे झाले. पहिल्या लहरीवरून २०२१ मध्ये हीच तपासणी केली होती तेव्हा खात्री ९५ टक्के होती. आता ९९.९९९.

आमच्याकडच्या प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची पूर्ण मंजुरी. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा इथे उभ्या राहतील. लोक विचारतात, अमेरिकेत दोन असताना इथे कशाला? लहर कुठल्या दिशेनं आली ते एका यंत्राला जवळजवळ कळतच नाही. वेगवेगळ्या ठिकाणी ती काही मिलिसेकंदांच्या फरकानं पोचते, त्या फरकावरून दिशा काढतात. यंत्रं जितकी लांब-लांब, तितकी दिशा नेमकी. दिशा नेमकी मिळाली तर दुर्बिणी तिकडे वळवता येतात. हिंगोलीचं महत्त्व इथे आहे. गावात पाहुणा आला की मी हे कागदावर काढून दाखवतो. या कामाला लागलेला वेळ पाहून जीव तुटतो, पण ते व्हावं अशी आमची सगळ्यांची इच्छा आहे.

विदुला

कयाधू दादा, जोडीला पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही धरा. ४५ मीटरच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मधोमध आणि बाकीच्या तीन भुजांवर २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जून २०२३ मध्ये स्पंदकांच्या (ठरावीक लयीत रेडिओ ठोके देणाऱ्या मृत ताऱ्यांच्या) ठोक्यांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा जगातल्या अनेक गटांनी एकदम मांडला, त्यात जीएमआरटीची निरीक्षणं होती. लायगोची लहर सेकंदात संपते, इथली एक लहर जायला वर्षं लागतात. दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, तिथे सगळ्यांसाठी प्रदर्शन असतं. शमाताई, मुलीला घेऊन जाच.

शमा_ठाणे

नक्की. तारीख लिहून ठेवली.

मेहकरकर

एक व्यावहारिक प्रश्न. आमच्या शाळेत दुर्बीण नाही, दोन संगणक आणि बरं इंटरनेट आहे. नववीच्या मुलांना यातलं काही खरंखुरं करता येईल का? नुसतं चित्रं दाखवून त्यांचं समाधान होत नाही.

निशाचर

सर, होईल. इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन नावाचा उपक्रम आहे, फी नाही. हवाईच्या पॅनस्टार्स दुर्बिणीनं घेतलेल्या प्रतिमा ते गटांना पाठवतात. ॲस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं.

एका संचात आकाशाच्या एकाच तुकड्याच्या चार प्रतिमा असतात, थोड्या-थोड्या वेळानं घेतलेल्या. त्या एकामागून एक फिरवत राहायच्या. तारे जागचे हलत नाहीत. एखादा करडा ठिपका चारही प्रतिमांत सरळ रेषेत, सारख्या अंतरानं सरकला तर तो लघुग्रह असू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या ठिपक्यावर टिचकी मारली की त्याच्या उजेडाचा आलेख येतो. आलेख टेकडीसारखा गोलसर हवा. सुईसारखा टोकदार असेल तर तो कॅमेऱ्याचा दोष किंवा वैश्विक किरण; तो सोडून द्यायचा. तीनच प्रतिमांत दिसला, चौथीत नाही, तर घाई करायची नाही. मग ज्ञात लघुग्रहांची यादी वर टाकायची आणि यादीत नसलेला ठिपका अहवालात लिहायचा.

मुलांना एक आधीच सांगा. अहवाल गेला म्हणजे शोध लागला असं नसतं. तो ठिपका दुसऱ्या कोणाला पुन्हा दिसावा लागतो, कक्षा ठरावी लागते आणि क्रमांक मिळायला काही वर्षं जातात. शिवाय आता स्पर्धाही वाढतेय. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेनं जून २०२५ मध्ये पहिल्या प्रतिमा दाखवल्या, त्यात दहाएक तासांच्या निरीक्षणांतच २,१०४ नवे लघुग्रह होते. तरीही प्रतिमा तपासायला माणसाचा डोळा लागतोच, आणि नववीच्या मुलांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले.

नोंदणीसाठी एक शिक्षक आणि गटाचं नाव लागतं. इंग्रजी फॉर्ममध्ये काही अडलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आपण एका संध्याकाळी फोनवर बसून भरू.

मेहकरकर

व्यनि केला आहे. नाव मुलांनीच ठरवलंय: लोणार गट.